आवाज नसलेला व्हिडिओ

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. तासाला सहाशे रुपये ठरलेले. खोलीत केरळहून आलेल्या सात नर्स, त्यांच्या मेट्रनबाई आणि मी.

एका खासगी दवाखान्यात मी या मुलींना मराठी शिकवतो. पुस्तकातला पेशंट ‘माझ्या पोटात वेदना होत आहेत’ म्हणतो. कागल-मुरगूडकडून येणारा पेशंट तसं बोलत नाही. म्हणून गुरुवारी घरीच व्हिडिओ केला. आई पेशंट, माझी मुलगी नर्स. आवाज स्वच्छ यावा म्हणून पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. मग पाच मिनिटांचं चित्रण कापून दोन मिनिटांवर आणलं आणि पेन ड्राइव्हवर घेतलं. घरच्या टीव्हीला तो चालत नाही, त्यामुळे तपासायचं राहिलं.

वर्गातल्या टीव्हीवर चित्र आलं, आवाज आला नाही. मी रिमोट दाबला, पेन ड्राइव्ह काढून घातला, टीव्ही बंद करून सुरू केला. आई नुसते ओठ हलवत होती.

“सर, टीव्हीचा घसा बसला?” एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या.

मेट्रनबाई इथल्याच. त्या हसल्या नाहीत. “गुरुजी, मुलींची ड्युटी हाय बारा वाजता,” एवढंच म्हणाल्या. हा वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्याच ठरवणार होत्या. वेळ काढायला म्हणून मी म्हणालो, “तोवर नुसतं बघा आणि मराठीत सांगा, आजींना काय होतंय?”

“पोट दुखतंय,” दोघी-तिघी म्हणाल्या. आईनं पोटावर हात ठेवलेला होताच, मीच तसं सांगितलं होतं.

मागं बसलेली एक उठून टीव्हीजवळ आली. “सर, परत.”

मी परत लावलं.

“पोट नाही. हात.” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. आईचा उजवा हात पोटावरून निघून सारखा डाव्या दंडाकडे जात होता. दंड चोळून परत पोटावर. “आणि घाम.”

“पंखा बंद होता,” मी म्हणालो.

“मुलगीला घाम नाही.”

मी बघितलं. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीचा चेहरा कोरडा होता. आईच्या कपाळावर, ओठावर पाणी चमकत होतं. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर मला ते दिसलंच नव्हतं.

मेट्रनबाई उठून टीव्हीजवळ आल्या.

“न कापलेलं हाय का?” मेट्रनबाईंनी विचारलं.

ते मोबाईलमध्ये होतं. कापताना आवाज गेला असावा, मुळात तो होता. पण स्पीकर बारीक. एकीनं टेबलावरचा स्टीलचा पेला पालथा करून पाणी झटकलं आणि मोबाईल त्यात उभा केला. आवाज घुमून मोठा झाला.

आधी आईनं नर्स झालेल्या माझ्या मुलीला गाव विचारलं, जेवलीस का विचारलं. इथली म्हातारी माणसं दुखणं सांगण्याआधी तेच विचारतात. मी ते कापलं होतं. मग पोटात कळ मारतीया, हे पाठ केलेलं वाक्य. आणि त्यापुढे, तेही मी कापलेलं: “हातात बी उतरतीया गं. काल जिना चढताना जीव घाबरा झालता.”

लगेच माझा आवाज: “आई, ते नको. पोटाचंच सांग.”

घरी फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बायकोनं उचलला.

“आई कुठाय?”

“गच्चीवर गेल्यात, पापड वाळत घालायला. का हो?”

मेट्रनबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. “ताई, त्यास्नी तिथंच बसवा. जिना उतरू देऊ नका. दोघांनी खुर्चीतनं खाली आणा. दवाखान्याची गाडी गावाला गेलीया, रिक्षानं आणा. आत्ताच्या आत्ता!”

घर रंकाळा तलावाच्या अंगाला, पंधरा मिनिटांची वाट. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. येणारी प्रत्येक रिक्षा आमचीच वाटे आणि पुढे निघून जाई. बायको फोन उचलत नव्हती. न उचलण्याचं एकच कारण डोक्यात येत होतं.

रिक्षा आली. आई शुद्धीवर होती, रागात होती. “येवढं काय झालंय? पापड तसंच पडल्यात की वर!” पण हात दंडावरच होता आणि ओठ राखेसारखे. वर्गात मागं बसलेली ती नर्स व्हीलचेअर घेऊन आली. “आजी, कळ कुठं मारतीया?” तिनं विचारलं. आईनं तिला नीट दाखवलं.

ईसीजीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत,” आणि दार लोटून आत गेले. वेळेत म्हणजे नक्की काय, हे विचारायचं राहिलं. बायको बाकावर बसली. तिच्या हाताला अजून उडदाचं पीठ होतं.

रिक्षावाला दारातच थांबला होता. किती झाले विचारलं तर म्हणाला, “पावणं, म्हातारी कशी हाय ते सांगा आधी.” आत आहे, म्हणालो. त्यानं मान हलवली. मी त्याला शंभर रुपये दिले.