चार नंबरवरून आलेली पोच

"वो बच्ची बोलती नई. लेकिन उसको पूछे बगैर अब्बा की एक भी चीज उठाना नई."

स्वयंपाकघरातून खालांचा, म्हणजे हमीद सरांच्या पत्नीचा, आवाज आला. इम्रानभाईंना, म्हणजे त्यांच्या मुलाला, त्या सांगत होत्या. 'वो बच्ची' म्हणजे मी. मी बाहेरच्या खोलीत हमीद सरांच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि ऐकलंच नाही असं दाखवत होते. ते मला चांगलं जमतं.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण वाचताना मनात कारणं शोधत असते... वायरिंग खराब असेल, झोप झाली नसेल, सांगणारा थोडं वाढवत असेल. मशीनमध्ये जे घडतं त्याला कारण असतं आणि ते सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नसतं, हे मला हमीद सरांनीच शिकवलं. म्हणून तर लिहायला इतके दिवस लागले. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी कुठे अडखळली तर सांभाळून घ्या.

जागा — जालना एमआयडीसीजवळच्या कॉलनीतलं सरांचं भाड्याचं घर. वेळ — शनिवारची दुपार, साडेतीन. बाहेर लख्ख ऊन आणि रोलिंग मिलकडे भंगार घेऊन जाणाऱ्या ट्रकांचा आवाज.

सर एका बियाणे कंपनीत वजनकाट्याचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघायचे. कंपनीने काट्याचा जुना कॉम्प्युटर काढून टाकला तेव्हा सरांनी तो मागून घेतला, घरी आणून पुसला, दुरुस्त केला. मग त्याला सोबत हवी म्हणून आणखी जुनी मशीन शोधली. एक राजूरला भगवानकाकांना दिलं, त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. एक घनसावंगीला मंगल मॅडमना, त्या शाळेत विज्ञान शिकवतात. आणि एक मला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं येणारी ही मशीन आत्ताच्या इंटरनेटला ओळखत नाहीत. म्हणून सरांनी प्रत्येकाला हाताने एक छोटा डबा बनवून दिला होता, तो त्यांना एकमेकांशी जोडायचा. आम्ही काय करायचो? बुद्धिबळाची एक चाल पाठवायची, किती पाऊस झाला ते लिहायचं, काकांचे लांबलचक किस्से वाचायचे. मी समोरासमोर चार वाक्यं बोलत नाही, पण तिथे पानंच्या पानं लिहायचे.

राजूर एक नंबर, घनसावंगी दोन. तीन नंबर खुद्द सरांचा होता. मी सगळ्यांत शेवटी आले तेव्हा त्यांनी तो मला दिला आणि स्वतः चारवर सरकले. का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. काकांनी विचारलं, तर म्हणाले, "पाव्हण्याला आधी वाढायचं असतं ना भगवानराव." त्यासाठी प्रत्येक मशीनमधली रस्त्यांची यादी — राउटिंग टेबल — त्यांनी हाताने बदलली होती. कुणाचा निरोप कोणत्या वाटेने जाणार, हे सगळं त्या यादीवर चालतं.

सरांचा एक नियम होता. निरोप पोचला की समोरचं मशीन पोच पाठवतं. ती आली की पाठवणाऱ्याने फोन करून तोंडाने सांगायचं, 'पोचलं.' मी कायम व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवायचे. सर म्हणायचे, "बेटा, स्क्रीन खोटं बोलू शकते. माणूस बोलला की मी मानतो." दोन वर्षांत मी एकदाही बोलले नाही. त्यांनी दर वेळी अंगठाच मान्य केला.

सर अचानक गेले, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. सगळे रस्ते त्यांच्या घरातून जायचे, त्यामुळे ते गेले, त्यांचं मशीन बंद झालं आणि नेटवर्क पडलं. मी याद्या बदलून सगळं राजूरमार्गे वळवलं. माझा निरोप राजूरहून घनसावंगीला जायचा, मॅडमच्या पडद्यावर दिसायचासुद्धा... पण त्याची पोच मला परत येत नव्हती. पोच आली नाही की ही मशीन तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतात आणि शेवटी रस्ता मेला असं समजून गप्प बसतात. तीन आठवडे मी हेच बघत होते.

सकाळी काका फोनवर म्हणाले होते, "पोरी, आज जमलं तं ठीक. न्हाई तं मंग आपण झाकून ठेवू मशीनी. सर होते म्हणून चालून राह्यलं होतं." त्यांचं चुकत नव्हतं. त्यात खाला इम्रानभाईंबरोबर नांदेडला राहायला चालल्या होत्या आणि पाच वाजता टेम्पो येणार होता. खोलीतलं बाकी सामान सरळ भंगारात. मी आले होते सरांची नेटवर्कच्या नोंदींची वही बघायला. खरं म्हणजे चार नंबरचं मशीन मागायला आले होते, पण चहा झाला, बिस्किटं झाली, तरी शब्द निघत नव्हता.

मशीन माझ्या हाताच्या अंतरावर होतं. वर चादर. वायर गुंडाळून रबर लावलेलं, त्यांचा डबाही वर सुटा ठेवलेला. खालांनी चाळिसाव्या दिवसाच्या विधीआधीच प्लग काढला होता.

लॅपटॉपवरून मी डब्यामार्फत घरच्या माझ्या मशीनला जोडून घेतलं आणि पुन्हा एकदा चाचणीचा निरोप सोडला. काका फोनवर होते, आपल्या दुकानातल्या पडद्यासमोर. निरोप ज्या ज्या मशीनवरून जातो ते मशीन स्वतः उत्तर देतं आणि त्याचा नंबर आम्हा सगळ्यांच्या पडद्यांवर उमटतो. जाताना — तीन, एक, दोन. नेहमीसारखंच. मग नेहमीसारखी शांतता.

आणि मग परतीची ओळ उमटली. दोन... चार... तीन.

मी चादरीकडे बघितलं. वायरीला रबर तसंच होतं.

फोनवर काका म्हणाले, "पोरी, चार कोण चालू केलं?" ते पुन्हा म्हणाले, "अगं पोचलं का? बोल की." मी ती ओळ पुन्हा वाचली.

भीती वाटली का? खरं सांगते, नाही. आधी डोक्यात आलं ते वेगळंच — पोच चारवरून का यावी? तिचं तिथे कामच काय? मी मॅडमना मेसेज करून त्यांच्या मशीनची यादी मागवली. तिथे तीन नंबरसमोर अजून सरांच्याच डब्याचा पत्ता होता, ते स्वतः तीन होते तेव्हाचा. ती एक नोंद आधी सरांकडून आणि आता माझ्याकडूनही बदलायची राहून गेली होती. म्हणजे दोन वर्षं घनसावंगीहून येणारी माझी प्रत्येक पोच सरांच्याच डब्यावर येऊन थांबायची आणि ते ती मुकाट्याने माझ्याकडे पाठवायचे. वहीत शेवटच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात सापडलंही — 'घनसावंगीत तीन चुकीचा. चालतंय, मी आहे.'

इतका नीटनेटका माणूस. चूक दिसत होती तरी मॅडमना धावपळ नको म्हणून तिचा भार स्वतःवर घेऊन बसलेला.

मॅडमनी नोंद बदलली. पुन्हा चाचणी घेतली. दोन, एक, तीन. चार नंबर त्यानंतर कधीच आला नाही.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. जुनी ओळ साठून राहिली असेल, तर तिच्यावर वेळ त्याच दुपारची कशी? दुसऱ्या कुणी चार नंबर घेतला असेल, तर त्याला सरांच्या डब्याची पासवर्डसारखी गुप्त किल्ली लागते आणि ती त्या डब्यातच आहे. मला एकटीला भास झाला असेल, तर काकांनी आपल्या पडद्याचा फोटो काढलाय आणि मॅडमच्या मशीनमध्येही पोच चारमार्गे गेल्याची नोंद आहे. कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा, मला कारण हवंच आहे. सरांनाही ते लागलं असतं... मला मात्र अजून सापडलेलं नाही.

पाच वाजता टेम्पो आला. फोन चालूच होता, काका पलीकडे ऐकत होते. इम्रानभाईंनी टेबल बाहेर नेलं, खुर्ची नेली. मग चादरीसकट मशीन उचललं आणि आईचं ऐकून दारात माझ्यासाठी थांबले. अदबीने म्हणाले, "ये तो बंदच है ना? जाऊ दे का?"

खाला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नेहमीच्या सवयीने माझी मान हलणार होती. पण स्क्रीनचं सर मानत नसत, मानेचंही मानलं नसतं.

मी उठले आणि बाहेर टेम्पोवाल्यालाही ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "इम्रानभाई, ते खाली ठेवा. चार नंबर चालू आहे."