छातीवर धरलेलं हृदय

नर्सिंग कॉलेजच्या व्हरांड्यात तोंडी परीक्षेसाठी मुली उभ्या होत्या. शरीरशास्त्रात एकदा नापास झालेली सुनंदा हृदयाचं चित्र हातात धरून पुटपुटत होती. या वेळी राहिली तर तिचं वर्ष जाणार होतं.

"अशुद्ध रक्त डावीकडं येतं," ती म्हणाली.

"मेला तुझा पेशंट!" मैत्रीण रेश्मा हसली. "चित्रातलं डावं ते माणसाचं उजवं. कितीदा सांगू गं?"

"पण मला डावीकडंच दिसतंय!"

रेश्मानं चित्र तिच्याकडून घेतलं आणि बाहेर तोंड करून तिच्याच छातीवर टेकवलं. "आता हे तुझं हृदय. फिरव बोट."

सुनंदाचं बोट उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाकडं गेलं, डावीकडं परतलं आणि खांद्यावरून उतरत मनगटाशी थांबलं. तिथं नाडी लागत होती. ती स्वतःशीच हसली.

समोरच्या बाकावर बसून त्या दोघींना पाहताना मला वाटलं, पुस्तकातलं शरीर कायम समोरच्याचं असतं. ते एकदा अंगावर घ्यावं लागतं. पुढं जन्मभर रुग्ण पुन्हा समोरच असणार. पण तेव्हा त्याच्या जागी उभं राहून पाहायची सवय झालेली असते.

तिचं नाव पुकारलं गेलं. दार उघडंच होतं. परीक्षक बाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि वर म्हणाल्या, "स्वतःवर नको, माझ्यावर दाखव."

सुनंदानं क्षणभर स्वतःच्या छातीला हात लावला. मग तिचं बोट न अडखळता बाईंच्या उजव्या बाजूकडं गेलं.

व्हरांड्यात रेश्मानं सणसणीत शिट्टी मारली.