शेवाळावरची पानं

छत्तीसगडची नवी राजधानी झाली, पुढे काही वर्षांनी मंत्रालय नव्या रायपुरात गेलं आणि ऑफिसच्या बसमध्ये आम्हा तिघींची गाठ पडली. तिघी मराठी, म्हणून एकाच बाकावर. त्या बसमध्ये जी जिथून चढे, तेच तिचं नाव. एक गुढियारीवाली, एक तेलीबांधावाली. गुढियारीवाली आधी चढायची आणि तिघींची जागा धरायची. असं रिटायर होईपर्यंत चाललं.

गुढियारीवालीचे मिस्टर रेल्वेच्या मालगोदामात होते. रिटायरमेंटनंतर एका सकाळी बसल्या जागी गेले. त्यानंतर ती रडली नाही, भांडली नाही. काहीही विचारा, हो म्हणून नुसतं "हव" म्हणायची. माझी लेक ओसाकाला नोकरी करते. मी तिच्याकडे निघाले तेव्हा गुढियारीवालीच्या मुलाचा फोन आला. "आंटी, मम्मी को भी ले जाओ। दिनभर दीवार देखती है।" तेलीबांधावालीला कोणी काही म्हटलं नव्हतं. तिनं आपलं आपणच तिकीट काढलं.

एके दिवशी लेकीनं आम्हाला क्योतोच्या गाडीत बसवून दिलं. हातात कागद दिला. त्यावर सात देवळं आणि बगीचे, वेळेसकट.

"आई, सातों हो जाएँगे। बस कहीं बैठना मत," म्हणाली आणि ऑफिसला गेली.

पहिल्या देवळात चपला काढाव्या लागल्या, त्यात आम्हाला नवीन काही नव्हतं. देव मात्र दिसला नाही. समोर अंगण होतं. त्यात पांढरी बारीक गिट्टी, गिट्टीवर फणी फिरवल्यासारख्या रेघा, आणि मधे चार-दोन दगड. लोक ओट्यावर बसून गप्प पाहत होते. तेलीबांधावालीची सगळी नोकरी बांधकाम विभागात गेलेली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"गिट्टी टाकून झाली," ती म्हणाली. "डांबर बाकी आहे."

मी गुढियारीवालीला विचारलं, "छान आहे न?"

"हव."

दुसऱ्या ठिकाणी शेवाळाचा बगीचा होता. आमच्याकडे पावसाळ्यात गच्चीवर काई साचली की आम्ही ब्लीचिंग टाकून घासतो. इथं तिकीट काढून पाहतात. झाडांखाली सगळीकडे हिरवी गादी अंथरल्यासारखं शेवाळ, आणि त्यात डोक्याला फडकं बांधून एक म्हातारी उकिडवी बसलेली. शेवाळावर पडलेली वाळकी पानं ती एकेक करून उचलत होती आणि टोपलीत टाकत होती. बगीचा केवढा आणि बाई एक.

आम्ही दोघी पुढे गेलो. मागे पाहिलं तर गुढियारीवाली नाही. परत आलो. ती पायवाटेच्या कडेला बसली होती आणि दोरीखालून हात घालून पानं उचलत होती.

"काहून बसली तू इथं?" तेलीबांधावाली म्हणाली. "कोणी पाहिलं तर हाकलून देतील आपल्याले."

गुढियारीवालीनं आणखी एक पान उचललं. म्हातारीनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं. मग टोपली उचलून दोघींच्या मधे ठेवली.

असा अर्धा तास गेला. तेलीबांधावाली कागद आणि घड्याळ आळीपाळीनं पाहत राहिली. आणि गुढियारीवाली बोलायला लागली. आमच्याशी नाही, म्हातारीशी, मराठीत.

"त्या दिवशी सकाळी पोहे मागितले होते त्यायनं," ती म्हणाली. "मी म्हटलं, आज उपास आहे माझा, तुम्ही बी साबुदाणाच खा. चिडले. मी बी चिडली. मग मी आंघोळीले गेली. बाहेर आली तर खुर्चीवर मान टाकून बसले होते. मले वाटलं, रुसले."

"हाय," म्हातारी म्हणाली, म्हणजे जपानीतलं "हव", आणि एक पान उचललं. "हाय, हाय."

इतकी वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, तेराव्याला तिच्या घरी पुऱ्या लाटल्या, पण हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तेलीबांधावालीनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. मग ती पण खाली बसली. मी पण. म्हातारीनं आम्हा दोघींचं काम तपासलं आणि तेलीबांधावालीच्या हातावर हलकेच चापट मारली. ती पानाबरोबर शेवाळही उपटत होती.

निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. म्हातारीनं कमरेत वाकून नमस्कार केला. गुढियारीवालीनं डोक्यावर पदर घेऊन तिच्या पायांना हात लावला. म्हातारी घाबरली.

स्टेशनवर लेक घ्यायला आली होती. "कितने हुए?"

"सातों," तेलीबांधावाली म्हणाली. "बहुत अच्छे थे।" तेवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण तिनं पाचव्या देवळाच्या घंटेचंही वर्णन केलं. गुढियारीवाली तोंडावर पदर धरून हसायला लागली आणि मग थांबेना. लेक म्हणाली, "आंटी को क्या हुआ?"

दुसऱ्या दिवशी गुढियारीवालीचे गुडघे धरले. मी तेल गरम करून आणलं. ते फार गरम आहे, तुम्हा दोघींना एक काम धड येत नाही, माझ्या पोट्ट्यानं मले कोणाच्या हवाली केलं, असं ती बराच वेळ आम्हाला बोलत राहिली. आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं.