न आलेल्यांची वही

सगळ्यात आधी आले ते महेबूबभाई पिंजारी. आता बोला! ज्यांना आठ दिवस आधीपासून सांगून ठेवलं, ज्यांच्या दारात मी तीन-तीन खेपा घातल्या, ती आमच्या मंडळीतली माणसं बाजाराला; आणि ज्यांचा आमच्या देवळाशी काही संबंध नाही ते महेबूबभाई धुतलेली टोपी घालून पहिल्या ओळीत. मला म्हणतात, "आजी, साहेब डोस्की मोजणार म्हणं. माझं बी एक धरा बराबर." मी म्हटलं, "धरते भाई, तुमी नुसती मान खाली घालून बसा."

एवढी धावपळ कशासाठी, ते लांबच्या वाचणारांना सांगायला पाहिजे. ख्रिस्ती मिशनच्या साहेबांनी निरोप धाडला होता: रविवारी येऊन बघतो, उपासनेला वीस माणसंही जमत नसतील तर हे देऊळ बंद करू आणि पाळकांना शहरातल्या मोठ्या मंडळीत नेऊ. आमचे पाळक म्हणजे शांतवनबाबा. त्यांना यंदा साठ वर्षं पुरी झाली, म्हणून हे पुस्तक निघतंय आणि मलाही त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला सांगितलंय. चांगले शब्द लिहीनच. पण आधी राग लिहिते, कारण तो वर आलेला आहे.

बाबा पहिल्यांदा बाळापूरच्या वाटेनं बैलगाडीतून आमच्या गावी उतरले, तेव्हा मी विहिरीवर होते. त्यांनी पाणी मागितलं नाही, देऊळ कुठं ते विचारलं नाही. विचारलं, "बाई, इथं बाजार कोणत्या वारी भरतो?" मी म्हटलं, "रविवारी." बाबा हसले आणि म्हणाले, "मग झालं!" तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. देवाचा वार आणि बाजाराचा वार एक असला की काय होतं, ते पुढं दर रविवारी पाहिलं. आठवड्याचं मीठ-मिरची ज्या दिवशी मिळतं, त्या दिवशी पेटीवर गाणी म्हणत कोण बसणार? मी बाबांना किती वेळा म्हटलं असेल, "बाबा, जरा कडक बोला, लोक येतील." ते म्हणत, "कडक बोललो तर पोतं घेऊन येतील अन् अर्धं ध्यान पोत्यात ठेवतील."

मला अक्षरं बाबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या आईंनी शिकवली, चुलीतल्या राखेवर बोटानं. त्यामुळे माझं लिहिणं असं राखेसारखं पसरतं, समजून घ्या. आता माझी नात माझ्यापेक्षा भरभर वाचते. मी मुद्दाम चुकीच्या अक्षरावर बोट ठेवते, ती मला रागवते, आणि मला इतका आनंद होतो की काय सांगू! पण ते राहू द्या.

तर त्या रविवारी मंडळीतली नऊच माणसं. मग मी तांड्यावरच्या दहा जणींना गुळाचा चहा कबूल करून आणलं. त्या आरशांचे घागरे घालून बसल्या. साहेबांना जिकडं तिकडं स्वतःचंच तोंड दिसत असणार. नऊ, दहा आणि महेबूबभाई. वीस भरले! मी मनात देवाचे आभार मानते न मानते, तोच बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, यातले अकरा जण आज आमचे पाहुणे आहेत. त्यांचं स्वागत. पण त्यांना मंडळीत मोजू नका."

महेबूबभाईंनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "आजी, माझं डोस्कं वापस करून राहिले की!"

मी पदर तोंडाला लावला. हसू आलं म्हणून नाही, बोलले असते म्हणून.

उपासना झाल्यावर साहेबांनी हजेरीची वही मागितली. उघडली, तर पानंच्या पानं भरलेली! कुठं चाळीस नावं, कुठं पन्नास. साहेबांचा चेहरा खुलला. "हे तर फार उत्तम आहे," म्हणाले. मला वाटलं, वाचलो.

बाबा म्हणाले, "साहेब, ही आलेल्यांची नावं नाहीत. न आलेल्यांची आहेत."

आता अशा माणसाला काय करावं, तुम्हीच सांगा. देव तारायला आला तरी हे त्याचा हिशेब दुरुस्त करून देतील!

साहेबांना काही कळेना. "उलटी वही? काय म्हणून?"

"आलेला तर समोर दिसतो. न आलेला विसरायला होतं. म्हणून लिहून ठेवतो, आणि गुरुवारी त्याच्या घरी जातो."

साहेब मोठ्यानं वाचू लागले. "लक्ष्मण, बाजार. येलाबाई, पाय मुरगळला. महेबूबभाईंची आई, ताप." त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत, तरी वहीत! मग पान उलटून, "सोनाबाई, रागावली आहे. चारदा गेलो."

सोनाबाई म्हणजे मी. सगळ्यांदेखत! तांड्यावरच्या बायासुद्धा हसल्या.

आता निघालंच आहे तर सांगते. एका नाताळाला बाबांनी पहिलं गाणं माझ्या जावेला दिलं होतं. तिचा गळा म्हणजे फाटकं सूप. मी महिनाभर देवळात पाऊल टाकलं नाही. बाबा दर गुरुवारी यायचे, ओट्यावर बसायचे, भाकरी-पिठलं खायचे, नातीच्या डोक्यावर हात ठेवून जायचे. गाण्याचा विषय नाही, देवळाचा नाही. चौथ्या गुरुवारी मीच ओरडले, "बाबा, काहून येऊन राहिले तुमी? विचारा तरी काही!" म्हणाले, "विचारायला न्हाई आलो. तुमी घरी असता, म्हणून आलो." पुढच्या रविवारी मी देवळात होते. जाऊ गात होती तरीही.

बाबांना देवानं शंभरी द्यावी, आणि गुडघे पंचविशीतले द्यावेत, एवढंच मागणं. त्यांची उपासना निम्मी गुडघ्यावर आणि निम्मी वाटेवर असते.

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला मी रविवारी येणार नाही." मी म्हटलं, झालं, देऊळ बंदच. पण ते बाबांकडं वळले. "तुमच्याबरोबर घरोघर फिरेन. देवळाचं काय करायचं, ते त्यानंतर ठरवू."

म्हणून मंडळींनो, मी तांड्यापासून पिंजारवाड्यापर्यंत सांगून आले आहे, आणि इथंही लिहून ठेवते. रविवारी बाजाराला खुशाल जा. पण साहेब घरोघर फिरतील त्या दिवशी कोणी घर सोडायचं नाही. साहेबांनी वार दिलाय: ज्वारी निघाली की पहिला गुरुवार.