तोंड आलं, डोळे आले

कोलशेतच्या कंपनीत यांना फीट आली आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एकही चुकवायची नाही, नाहीतर पुन्हा फीट येईल, असं बजावलं. मला तेवढं पुरे होतं. सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी. हे चिडायचे, "अगं, तू बायको आहेस की नर्स?"

पंधराव्या दिवशी, मंगळवारी, यांचं तोंड आलं. उष्णता झाली असणार म्हणून मी सब्जा भिजवला, जाईचा पाला चावायला दिला. बुधवारी डोळे आले. शहाडमध्ये तेव्हा घरोघर डोळे आलेलेच होते. मग ताप आला. गुरुवारी छातीवर पुरळ आलं. आपल्याकडे सगळं नुसतं 'येतं', पाहुण्यासारखं, आणि दोन दिवसांनी जातं. कुठून आलं, हे मी विचारलंच नाही.

जीव टांगणीला लागला होता, पण मला भीती होती ती फीटचीच. तापात आली तर? गुरुवारी संध्याकाळी यांनी मान फिरवली. "नको गं, गिळवत नाही."

"लहान आहात का?" मी ओरडले. गोळी कुटली, मधात कालवली आणि चमच्याने तोंडात घातली. यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंड पुसलं तर रुमालाला ओठाचं साल लागलं.

शुक्रवारी ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी यांना तपासलं आणि विचारलं, "नवीन गोळी कधी सुरू केली?"

"अठरा दिवस झाले. एकही चुकवलेली नाही. आज सकाळचीपण दिली." देवाशपथ सांगते, हे मी अभिमानाने सांगितलं.

"त्या गोळीचीच ही ॲलर्जी आहे. तोंड आलं तेव्हाच यायला हवं होतं."

आयसीयूच्या दाराशी बसून मी बारा दिवस एकच हिशोब करत होते. मंगळवारपासून सात गोळ्या. सातही माझ्या हातच्या. यांना काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

हे वाचले. वॉर्डात आणलं त्या दिवशी धाकटी नणंद आंबिवलीहून भेटायला आली. तापातले दिवस यांना आठवत नाहीत.

"गोळी सोसली नाही गं," हे तिला सांगत होते, "पण हिचं लक्ष असतं ना. पुरळ दिसल्याबरोबर हिने मला इथे आणलं."

नणंदेने माझा हात घट्ट धरला. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून दादा वाचला."

मी नाही म्हणाले नाही. अजूनही म्हटलेलं नाही.