केरबाने बुजवलेल्या दोन खाचा

माझी वीणा आजवर तीनदा आजारी पडली आणि तिन्ही वेळा केरबाने तिला बरी करून माझ्या गळ्यात घातली. ज्याच्या हातामुळे माझ्या मुखातले नाम सुरात राहिले, त्या माणसाविषयी चार शब्द लिहिणे हे मी पूजेचेच काम समजतो. त्याची थोरवी सांगताना त्याची एक चूकही सांगणार आहे. ती चूक त्याच्याइतकीच गोड आहे, आणि तिच्यात थोडा वाटा माझाही आहे.

केरबा मूळ रेणापूरचा, सुताराघरचा. वडील तिफणी आणि गाडीची चाके करीत. गावच्या भजनी मंडळाची वीणा एकदा ओट्यावरून पडली, तिचा भोपळा तडकला, आणि बारा वर्षांच्या केरबाने ती कुणाला न विचारता जोडून दिली. त्या दिवसापासून त्याचा हात नांगराकडे वळला नाही. आज लातूरला, गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर, त्याचे दहा बाय बाराचे दुकान आहे. भिंतीला वीणा टांगलेल्या, कोपऱ्यात पखवाजाची खोडे, शेगडीवर सरसाचे भांडे रटरटते आहे, आणि उंबऱ्याशी बसून त्याच्या पत्नी शिवकन्याबाई पेटीच्या भात्याला कातडे चिकटवीत आहेत. लाकूड केरबाचे, भाता बाईंचा. त्या दुकानातली पेटी ही त्या दोघांच्या संसाराचीच आवृत्ती.

केरबाचा एक नेम आहे. वाद्य बरे झाले की त्याच्या अंगावर जखमेची खूण उरता कामा नये. तडा भरायचा, खाच बुजवायची, रोगण असे चढवायचे की मालकालासुद्धा विचारावे लागावे, “कुठं फुटलं होतं हो?” हा प्रश्न ऐकला की केरबा दिवसभर खुशीत असतो.

चैत्रात एका दुपारी मी दुकानात बसलो असताना पंचशीलाबाई आल्या. लातूरच्याच एका शाळेत त्या शिक्षिका आहेत. माहेर नांदेड जिल्ह्यातले बिलोली. त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलेले एक वाद्य बाळासारखे केरबाच्या मांडीवर ठेवले.

“काका, आबांची गिटार हाय. तीस वर्षं माळ्यावर होती.”

केरबाने चादर उलगडली. गिटार होती खरी, पण नेहमी दिसते तशी नव्हती. तिचे पोट सपाट नव्हते. पुरी फुगावी तसे मधोमध हलके वर आले होते. मधल्या गोल भोकाऐवजी दोन अंगांना दोन नागमोडी फटी होत्या. मान खिळखिळी, पाठीचा सांधा उकललेला, आणि ज्यावर तारा टेकतात ती घोडी सुटी होऊन एका फडक्यात बांधलेली. केरबाने वाद्य हलवले, तेव्हा आत काहीतरी खुळखुळले.

“बाई, ह्याच्या पोटात उंदरानं बाळंतपण केलंय,” शिवकन्याबाई म्हणाल्या.

“कलकत्त्याचा स्वस्तातला माल हाय, भारी काही न्हाई,” पंचशीलाबाई ओशाळून म्हणाल्या. “पण आबा उमरीला जिनिंगमध्ये हमाली करायचे, तवा पोटाला चिमटा घेऊन आणली होती. गायन पार्टी होती त्यांची. बाबासाहेबांची गाणी, बुद्धाची गाणी, रातभर गावोगाव. जोडीदार वारला अन् आबांनी हिला माळ्यावर टाकलं.”

“मग आताच कसं काय काढलं?”

पंचशीलाबाईंचा आवाज जरा खाली आला. “आबांची बोटं आखडत चालली काका. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी वाजवता येईल का न्हाई, सांगता येत न्हाई. ह्या बुद्धपौर्णिमेला बिलोलीच्या विहारात माझी लुंबिनी पहिल्यांदा गाणार हाय. नातीच्या मागं आबांना ह्याच गिटारवर वाजवायचंय. नवी आणून दिली तर हातातसुद्धा धरीनात.”

केरबाने आजवर गिटारीला हात लावला नव्हता. पण त्याने त्या फुगीर पोटावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, “पौर्णिमेच्या दिवशी मी सोता आणून देतो. आबाला सांगा, बोटं तेवढी गरम ठेवा.”

पुढचा महिना त्याने त्या गिटारीला दिला. उंदराचे घरटे चिमट्याने फटीतून काढताना कागदाचा एक तुकडा हाती लागला. तो होता गायनाच्या कार्यक्रमाच्या पत्रकाचा, आणि त्यावर ‘व्यंकटी आणि पार्टी’ एवढीच अक्षरे उंदराने सोडली होती. केरबाने तो तुकडा देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला. पाठीचा सांधा सरसाने जोडला. मान बसवली. पोट एका जागी खचले होते, तिथे आतून सागवानाची काडी लावून ते उचलले. वरचे काळवंडलेले थर ओल्या कापडाने आणि राखेने घासून काढले, तेव्हा खालून असा मधाचा रंग उजळला की मी नकळत हात जोडले.

फटींच्या आतल्या काठाला, दोन्हीकडे, एक एक बारीक खाच पडली होती. “हे बगा महाराज, उंदराचे दात,” केरबा म्हणाला. सागवानाचा भुसा सरसात मळून त्याने दोन्ही खाचा भरल्या, घासल्या, वर रोगण चढवले. भिंग लावूनही सापडू नयेत अशा. मग सुटी घोडी घेतली, दोन फटींच्या मध्ये, डोळ्याला शोभेल अशा जागी ठेवली आणि तंबोऱ्याची घोडी बसवतात तशी सरस लावून पक्की बसवली.

कुठली तार कुठल्या सुराला लावायची, ते पंचशीलाबाईंनी वडिलांना फोनवर विचारून कागदावर लिहून आणले होते. केरबाने सहाही तारा चढवल्या, कान दांडीला लावला, खुंट्या पिळल्या आणि आम्ही वीणा छेडतो तशी एकेक मोकळी तार छेडली. काय तो नाद! घंटेचा सूर गाभाऱ्यातून बाहेर यावा तसा तो फटींतून बाहेर आला. “वा केरबा!” मी म्हणालो. “सूर सापडला!”

माझा वाटा तो हा. आम्ही वारकरी. आमच्या वीणेला पडदे दाबायचे माहीत नाही. आमच्या चारही तारा जन्मभर मोकळ्याच बोलतात. मोकळ्या तारा खऱ्या, म्हणजे वाद्य खरे, हे आम्हा दोघांच्या हाडात मुरले होते. एक बोट, एकच बोट कुठल्या पडद्यावर ठेवून पाहावे, हे ना त्याला सुचले ना मला.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आम्ही लातूरहून एसटीने निघालो. मला त्याच रात्री बिलोलीजवळच्या एका गावी कीर्तन होते, म्हणून मीही सोबत. वैशाखाचे ऊन, गाडीचा पत्रा तापलेला, आणि केरबाने गिटार मांडीवर घेऊन तिच्यावर ओले उपरणे घातलेले.

“वर ठेवा की ओ ते,” कंडक्टर म्हणाला.

“वर न्हाई जमायचं. बाळंतीण हाय.”

“मग तिकीट काढा तिचं!”

“आधी अर्धं का पुरं ते सांगा, वय साठीच्या पुढं हाय तिचं.”

गाडी हसली, आणि नांदेड येईपर्यंत निम्म्या उतारूंनी तिला हात लावून पाहिला. नांदेडला गाडी बदलून आम्ही दुपारी दोनच्या सुमारास बिलोलीला पोचलो.

पंचशीलाबाई लेकीला घेऊन आदल्या दिवशीच आल्या होत्या. व्यंकटी आबा दारातच उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सरळ ताठ, पांढरे धोतर, आणि बोटांना तेल चोळून चोळून चकाकी आलेली. “जय भीम,” ते म्हणाले. “जय भीम आबा,” केरबा म्हणाला, आणि त्याने उपरणे दूर केले.

आबांनी तिच्या उजळलेल्या पोटावरून तळवा फिरवला. मग त्यांनी तिला मांडीवर घेतले आणि मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला. घर भरून गेले. दारात उभी असलेली लुंबिनी टाळ्या वाजवून म्हणाली, “आजोबा, हिचा आवाज तर तुमच्याहून तरणा हाय!” कॉलेजात शिकणारी, हसरी, तोंडाची तिखट मुलगी.

मग आबांनी आखडलेली बोटे मोठ्या प्रयासाने पडद्यांवर मांडली आणि पहिला सूर वाजवला. त्यांचा चेहरा किंचित आक्रसला. बोटे वर सरकवून त्यांनी दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. जसजसे वर जावे तसतसा सूर वाकडा होत चालला. लुंबिनीने मोबाईलमधला सूर दाखवणारा काटा लावला. तो चुकीच्या अंगाला जाऊन पडला.

“केरबा,” आबा हळूच म्हणाले, “खाली लई गोड हाय. पण वर गेलं की पायात काटा मोडल्यावानी होऊन राहिलंय.”

केरबाचा रंग उडाला. आबांनी घोडीला बोट लावून पाहिले. ती हलेना. त्यांनी जोर लावला, तरी हलेना.

“चिकटवली?”

“हाव. पक्की.”

“अरे बाबा, ही चिकटवायची नसती! ही नुसती ठेवायची. तारांचा भार हिच्यावर पडतो अन् त्या भारानं ही उभी राहती. मागं-पुढं सरकवून जागा सापडवायची असती हिची. हितं फटीला खाच होती बग, दोन्हीकडं. त्या दोन खाचांच्या रेषेत घोडी. कारखान्यातूनच तशी खूण येती.” आबांनी गिटार उजेडाला धरली. “कुठं गेली खाच?”

केरबा जमिनीकडे पाहत म्हणाला, “भरली म्या.”

“कुठल्या जागी होती?”

“तेच तर सापडू नये म्हणून भरली आबा.”

मग आबांच्या पोटातून हसू उसळले. असे उसळले की त्यांना डोळे पुसावे लागले. “लई पाक काम केलंस रे! माझ्या दुखण्याबरोबर माझा पत्तासुद्धा बुजवलास!”

पण केरबा हसला नाही. सायंकाळी सहाला विहारात कार्यक्रम होता. आबांची बोटे आज होती. पुढच्या वर्षीचे कुणी सांगावे? त्याने सदऱ्याच्या बाह्या सारल्या. “पंचशीलाबाई, पाणी उकळा. अन् तुमच्या घरातलं सगळ्यात पातळ उलथनं द्या.”

इथे त्याचा जुना सरस त्याच्या कामी आला. बाजारातले नवे चिवट रसायन केरबाने कधी वापरले नाही. सरस ऊब आणि ओल मिळाली की मेणासारखा सोडतो. तारा सैल केल्या. उकळत्या पाण्यात पिळलेले फडके घोडीच्या पायांशी धरले, थंड झाले की दुसरे, ते थंड झाले की तिसरे. लुंबिनी फडकी पिळून देई, पंचशीलाबाई पातेले भरून आणीत, आणि मी, दुसरे काही येत नसल्यामुळे, मनातल्या मनात नाम घेत राहिलो. चार वाजता उलथन्याची धार आत शिरली. साडेचारला घोडी सुटली. तिच्याखाली दोन पांढुरके डाग उरले.

आता जागा. आबा म्हणाले, “तारेच्या बरोबर मध्यावर बारावा पडदा.” केरबाने धागा काढला, मानेच्या टोकाला तारा जिथून सुटतात त्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजला, तेवढाच पडद्यापासून खाली धरला. धागा जिथे टेकला ती जागा आधीच्या जागेपासून दोन बोटे खाली निघाली. घोडी तिथे नुसती उभी केली आणि तारा तिच्यावर ताणल्या. आबांनी तार मोकळी छेडली, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडली.

“महाराज,” केरबा मला म्हणाला, “तुमी सांगा.”

आता माझी पाळी होती. जन्मभर मी षड्ज लावून नाम घेत आलो. खालचा षड्ज आणि वरचा षड्ज, दोघांची भेट झाली की मधले अंतर नाहीसे होते, हे मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितले असेल. पण त्या दुपारी प्रथमच मला ते खरोखर कानांनी शोधावे लागले. “अजून भेटले नाहीत,” मी म्हणालो. केरबाने घोडी केसभर मागे सारली. “अजून नाही.” आणखी केसभर. आणि मग भेटले! दोघांचा एक झाला. माझ्या अंगावर काटा आला.

“काटा मधोमध आला!” मोबाईल उंचावत लुंबिनी ओरडली.

“त्याला आता कळलं व्हय?” केरबा म्हणाला, आणि दुपारनंतर पहिल्यांदा हसला.

मग त्याने पिशवीतून कोरणी काढली, आणि घोडीच्या रेषेत, दोन्ही फटींच्या काठांवर, स्वतःच इतक्या मायेने बुजवलेल्या जागी पुन्हा दोन खाचा पाडल्या. ते दोन पांढुरके डाग मात्र तसेच दिसत होते. त्याने रोगणाची बाटली उघडली, तोच आबांनी त्याचे मनगट धरले.

“राहू दे ते.”

“आबा, डाग दिसतोय. माझ्या कामाला डाग न्हाई चालत.”

“माझ्या गिटारला चालतो. मी हिच्याकडं बगितलं की मला तुजी आठवण यायला पायजे का नको?”

केरबाने बाटलीचे झाकण लावले. सदऱ्याच्या खिशातून पत्रकाचा तो तुकडा काढून त्याने आबांच्या हातावर ठेवला. आबांनी ती तीन शब्दांची ओळख वाचली, डोळ्यांना लावली, आणि दुमडून फटीतून पुन्हा गिटारीच्या पोटात सोडून दिली. “होती तिथंच बरी हाय,” ते म्हणाले.

सहा वाजता विहारात पांढऱ्या वस्त्रांतली माणसे दाटीने बसली होती. पुढे फुले, मेणबत्त्या, आणि मागे आई, मुलगी आणि आजोबा. लुंबिनीने सूर धरला. जरा कापरा होता. आबांनी तिच्यामागून तारा छेडल्या आणि बोटे वर वर सरकवीत नेली, जिथे दुपारी काटा मोडत होता तिथवर. सूर सरळ उभा राहिला. त्याला धरून मुलीचा आवाजही उभा राहिला. आबांची बोटे दोनदा अडखळली; नात दोन्ही वेळा त्यांच्यासाठी थांबली.

मी केरबाकडे पाहिले. तो गाणे ऐकत नव्हता. त्याची नजर त्या घोडीवर खिळली होती. ना सरस, ना खिळा, केवळ सहा तारांच्या ओढीने ती आपल्या जागी उभी होती. मला वाटले, देवाच्या दारी आपणही असेच उभे असतो. पण हे मी कुणाला बोललो नाही, त्या रात्रीच्या कीर्तनासाठी राखून ठेवले.

दुसऱ्या कडव्यापर्यंत केरबाचा श्वास अडकलेलाच होता. तिसऱ्याला त्याचे खांदे सैलावले. शेवटच्या कडव्याला त्याने डोळे मिटले, आणि त्याचा पाय आपोआप ठेका धरू लागला.