मार्कांचं बाकडं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी खालापूरच्या कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारत होते. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, भामाआत्या गेली गं." मी "बरं" म्हटलं आणि हातातला गठ्ठा संपवला. तेव्हाच का उठले नाही, हे महिना झाला तरी कळत नाही... रडूही आलेलं नाही.

भामाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कशेळ्याजवळ एकटी राहायची, लोकांच्या शेतात भातलावणीला जायची. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मला स्वतःकडे ठेवून कर्जतच्या कॉलेजात तिनेच घातलं. टीव्हीवर एकदा अचानक फिगर स्केटिंग लागलं आणि भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "बघ, उलटी चाललीय. मागं न बघता." लावणी करणारी बाई चिखलात उलटीच सरकते. बर्फ कधी न पाहिलेल्या आत्याला त्या मुलींचं कसब तिथेच कळलं. मग दर हिवाळ्यात आम्ही दोघी टीव्हीसमोरच्या बाकड्यावर. नाच चार मिनिटांचा, पण आत्याकडे त्याची गोष्ट वर्षानुवर्षं चालू असे: ही गेल्या खेपेला पडली होती, हिचा पाय दुखावलाय, ही आज हसलीच नाही. तिचा जीव खरा अडकायचा तो नाच संपल्यावर. खेळाडू बाकावर येऊन बसते, मार्क यायचे असतात, आणि शेजारची बाई तिच्या खांद्यावर जाकीट घालते.

"ती तिची आय," आत्या सांगायची.

"अगं, पोरगी चिनी, बाई गोरी. आई कशी असेल?"

"बापावर गेली असंल. तू गप बघ."

ती प्रशिक्षक असते, हे मी पुढे कुठेतरी वाचलं. आत्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षाला मी दोन विषयांत नापास झाले. निकाल मोबाइलवर पाहिला आणि घरी न जाता कशेळ्याच्या स्टँडवर बसून राहिले. आत्या लावणीवरून तशीच शोधत आली, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. शेजारी बसली. डोक्याचा टॉवेल सोडून तिने माझ्या खांद्यांवर घातला.

"पडलीस?"

"दोन विषयांत."

"मग उठ. त्या पोरी पडतात तवा गाणं थांबतंय का?"

या हिवाळ्यातली स्पर्धा दोन दिवसांची होती, मधे एक दिवस मोकळा. पहिल्या दिवशी आमची आवडती जपानी मुलगी पहिल्याच उडीत पडली आणि पार खाली गेली. मी निघताना आत्या म्हणाली, "परवा ये गं. तिचा दुसरा दिवस हाय." मी म्हटलं, "सुटले तर येते." त्या परवाच्या सकाळीच तो फोन आला.

दुसऱ्या दिवसाचं चित्रण माझ्या मोबाइलमध्ये होतं. उघडवत नव्हतं. गेल्या रविवारी आत्याच्या घरी गेले, बाकड्याच्या कडेला बसले, तिची जागा मोकळी ठेवून, आणि ते लावलं. मुलगी त्याच उडीवर पुन्हा पडली. उठली. उरलेला सगळा नाच तिने नीट पुरा केला आणि धापा टाकत बाकावर येऊन बसली. शेजारच्या बाईने तिला जाकीट घातलं.

मार्क अजून यायचे होते. खुंटीवर आत्याचा टॉवेल तसाच लटकत होता. मी उठून तो घेतला, खांद्यांवर घातला, आणि पुन्हा बाकड्याच्या माझ्या कडेला येऊन बसले.